टीव्हीचा एक्स्टेंडेड वॉरंटी क्लेम रिजेक्ट झालाय? मग हे असं करा

क्लेम रिजेक्ट झाल्याचा मेसेज आला की हात पहिला कस्टमर केअरच्या नंबरकडे जातो. जरा थांबा. फोनवर बसलेल्या पोराने तुमचा क्लेम रिजेक्ट केलेला नसतो आणि तो पास करणंही त्याच्या हातात नसतं, त्यामुळे त्याच्यावर ओरडून आपलाच घसा बसतो. मी या सगळ्यातून गेलेय. टीव्हीच्या उजव्या बाजूला उभ्या रेषा आल्या, टेक्निशियनने जेमतेम दोन मिनिटं बघून 'फिजिकल डॅमेज' लिहिलं आणि प्लॅनवाल्यांनी हात वर केले, पुढे पैसे मिळाले पण आधी काय करायचं नंतर काय करायचं हे धड सांगणारं कोणी नव्हतं, जो तो आपला 'ग्राहक मंचात जा' एवढंच म्हणायचा. म्हणून हे क्रमाने लिहितेय. यातला कायद्याचा भाग भारतातला आहे, म्हणजे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै २०२० मध्ये लागू झाला.

सुरुवातीलाच सांगते, असं भांडण बघायला मोठं वाटतं पण शेवटी दोन ओळींवर येऊन थांबतं. एक ओळ टेक्निशियनने जॉब शीटवर, म्हणजे तपासणीनंतर तो भरतो त्या फॉर्मवर लिहिलेली, दुसरी प्लॅनच्या टर्म्समधली जिच्या जोरावर तुम्हाला नाही म्हटलंय. या दोन ओळी लेखी हातात आल्या पाहिजेत आणि मग त्यांच्यावरच बोट ठेवून बोलायचं. तुम्ही किती वर्षांचे जुने गिऱ्हाईक आहात, घरात टीव्हीवाचून किती हाल झाले, हे कोणी वाचत नाही.

१. आधी बघा, वॉरंटी दिलीय कोणी

हे हास्यास्पद वाटेल पण निम्म्या लोकांना हेच माहीत नसतं. 'एक्स्टेंडेड वॉरंटी' या एकाच नावाखाली वेगवेगळे प्रकार विकले जातात. कधी ती टीव्ही बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची असते, म्हणजे मूळ वॉरंटीच पुढे वाढवलेली. कधी दुकानाची किंवा शॉपिंग साइटची असते. कधी तिसऱ्याच कंपनीचा 'प्रोटेक्शन प्लॅन' असतो आणि दुकान फक्त तो विकतं. आणि कधीकधी मागे विमा कंपनी असते, बारीक अक्षरात तिचं नाव आणि पॉलिसी नंबर छापलेला असतो.

बिल आणि प्लॅनचं सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवून वाचा. टीव्हीचं बिल एका नावाने, प्लॅनचं बिल दुसऱ्या नावाने, कॉल सेंटर तिसऱ्याचं, घरी येणारा टेक्निशियन चौथ्याचा, असं सर्रास असतं. ही सगळी नावं आणि पत्ते एका कागदावर लिहून ठेवा, पुढे तक्रारीत विरुद्ध पक्ष म्हणून लागणार आहेत. दुकानदार म्हणेल 'आमचा संबंध नाही, आम्ही फक्त विकलं', प्लॅनवाले म्हणतील 'आम्ही टेक्निशियनच्या रिपोर्टवर चालतो', आणि हा टोलवाटोलवीचा खेळ थांबवायचा एकच उपाय म्हणजे पुढचा प्रत्येक मेल सगळ्यांना एकत्र पाठवायचा.

तारखाही इथेच तपासा. एक्स्टेंडेड प्लॅन बहुतेक वेळा कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर दुसऱ्या दिवशी सुरू होतो, खरेदीच्या दिवसापासून नाही. काही कंपन्या पॅनलला बाकी पार्ट्सपेक्षा जास्त काळ वॉरंटी देतात, तसं असेल तर तुमचा बिघाड अजून मूळ वॉरंटीतच बसत असेल आणि एक्स्टेंडेडवाल्यांशी भांडायची गरजच नसेल.

२. कागद गोळा करा

एक फोल्डर करा, फोनमध्ये एक आणि खरा पुठ्ठ्याचा एक. त्यात हे हवं:

- टीव्हीचं बिल, मॉडेल नंबर आणि सीरियल नंबरसकट
- प्लॅनचं बिल आणि सर्टिफिकेट, प्लॅन आयडी दिसेल असं
- प्लॅनच्या टर्म्स, तुम्ही घेतला तेव्हाच्या
- टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो
- मूळ वॉरंटी कार्ड
- प्रत्येक सर्व्हिस कॉलचा तक्रार नंबर आणि जॉब शीट
- क्लेम रिजेक्ट केल्याचा मेल किंवा मेसेज
- बिघाडाचा व्हिडिओ आणि फोटो
- पैसे भरल्याचा पुरावा (कार्ड, यूपीआय, हप्त्यांवर घेतला असेल तर त्याचं स्टेटमेंट)

थर्मल पेपरवरचं बिल असेल तर आजच फोटो काढा, त्याच्यावरची अक्षरं काही काळाने उडायला लागतात आणि क्लेमच्या वेळी हातात कोरा कागद राहतो.

टर्म्सबद्दल वेगळं सांगायला हवं. वेबसाइटवर आज जे दिसतं ते तुम्ही प्लॅन घेतला तेव्हाचं असेलच असं नाही. खरेदीच्या वेळी आलेल्या मेलमधली पीडीएफ शोधा. नसेल तर प्लॅन कंपनीला मेल करून 'माझ्या प्लॅनला लागू असलेल्या टर्म्सची प्रत पाठवा' असं मागा. त्यांनी पाठवली तर उत्तमच, नाही पाठवली तर टर्म्स तुम्हाला कधी दिल्याच नव्हत्या हे दाखवायला तोच मेल कामाला येतो.

सीरियल नंबरची भानगड पण इथेच बघून घ्या. मूळ वॉरंटीत कंपनीने तुम्हाला टीव्ही बदलून दिला असेल तर नव्या टीव्हीचा सीरियल नंबर वेगळा असतो, प्लॅन मात्र जुन्याच नंबरवर राहतो आणि क्लेमच्या वेळी 'सीरियल मिसमॅच' म्हणून परत पाठवतात. तसं झालं असेल तर बदलून दिल्याचं पत्र किंवा जॉब शीट कंपनीकडून मिळवा. आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाचा टीव्ही नुकताच बदलून मिळाला असेल तर प्लॅनवाल्यांना आत्ताच मेल टाका.

३. टेक्निशियन घरी येतो तेव्हा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा आहे आणि लोक नेमके इथेच गाफील असतात, कारण तेव्हा भांडण सुरूच झालेलं नसतं.

तो यायच्या आधी टीव्ही चालू करून बिघाडाचा सलग एक व्हिडिओ काढा. समोरून, मग चारही कडा जवळून, मग मागची बाजू आणि स्टिकर. स्क्रीन बंद करूनही एक काढा, मोबाइलची टॉर्च तिरकी धरून काचेवरून फिरवा म्हणजे कुठे तडा किंवा ओरखडा नाही हे स्पष्ट दिसतं. तो तपासत असताना पण व्हिडिओ काढा, आधी सांगून. बहुतेक जण काही म्हणत नाहीत, आणि व्हिडिओ चालू आहे म्हटल्यावर दोन मिनिटांचं काम दहा मिनिटं नीट होतं हा माझा अनुभव.

मग येतो ओटीपी. टेक्निशियन जाता जाता म्हणतो 'मॅडम एक कोड आला असेल तो सांगा', काही ठिकाणी त्याला हॅपी कोड पण म्हणतात. तो कोड दिला की सिस्टिममध्ये कॉल बंद होतो, आणि 'ग्राहकाचे समाधान झाले' अशी नोंद पडू शकते. मेसेज पूर्ण वाचल्याशिवाय कोड देऊ नका. आधी जॉब शीट बघायला मागा. ती आता बऱ्याचदा त्याच्या मोबाइलवरच असते, तर त्या स्क्रीनचा फोटो काढा.

जॉब शीटवर 'फिजिकल डॅमेज', 'कस्टमर मिसयूज', 'लिक्विड' असं काही लिहिलं असेल आणि तुम्हाला पटत नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: 'वरील निष्कर्ष मला मान्य नाही. काचेवर बाहेरून कोणतीही खूण नाही.' खाली तारीख आणि वेळ. डिजिटल सही असेल आणि लिहायला जागाच नसेल तर त्याच संध्याकाळी मेल करून हेच कळवा. त्याच दिवशीच्या मेलला जे वजन असतं ते पंधरा दिवसांनी लिहिलेल्या चार पानांना नसतं.

आणि बाहेरच्या मेकॅनिककडून टीव्ही उघडून घेऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. मागचं कव्हर एकदा उघडलं की 'अनऑथोराइज्ड रिपेअर' हे नवं कारण तुम्ही त्यांना आयतं देता.

४. बिघाड नक्की कशाचा, हे थोडं समजून घ्या

इंजिनियर व्हायची गरज नाही, पण चार शब्द माहीत असले की समोरचा उगाच काहीही सांगत नाही.

आवाज येतोय पण स्क्रीन काळी असेल तर खोलीत अंधार करा आणि टॉर्च स्क्रीनजवळ तिरकी धरा. चित्र अगदी पुसट दिसलं तर पॅनल बहुधा ठीक आहे आणि मागची बॅकलाइट, म्हणजे एलईडीच्या पट्ट्या किंवा त्यांचा सप्लाय गेलाय. (ओएलईडी टीव्हीला बॅकलाइट नसते, तिथे ही युक्ती चालत नाही.) अशा वेळी कोणी पूर्ण पॅनलचं एस्टिमेट दिलं तर का, ते विचारा.

उभ्या किंवा आडव्या सरळ रेषा बऱ्याचदा पॅनलच्या कडेला चिकटवलेल्या बारीक फितींचा जोड सुटल्यामुळे येतात. त्यांच्यावर ड्रायव्हर चिप असते, पॅनल तापतं निवतं तापतं निवतं आणि कालांतराने जोड सैल पडतो. याला आपटणं, पडणं लागत नाही. अर्धी स्क्रीन गेली, रंग विचित्र झाले, चित्र थरथरतंय, तर टी-कॉन बोर्डही (पॅनलला चित्राचे सिग्नल देणारा बोर्ड) असू शकतो, जो पॅनलपेक्षा खूप स्वस्तात बदलतो.

खरा मार लागलेला असेल तर तो बहुतेक वेळा वेगळा दिसतो. एका जागेवरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा निघतात, कडेने शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरतो. तुमच्या स्क्रीनवर असं काही नसेल आणि तरी फिजिकल डॅमेज म्हणत असतील तर सरळ विचारा, मार लागल्याची जागा कुठे आहे, तिच्यावर बोट ठेवून फोटो द्या. यावर 'आतून क्रॅक आहे' असं उत्तर येतं. असू शकतो, आतली काच बाहेरचा थर शाबूत असतानाही तडकते. पण मग तो क्रॅक त्यांनी दाखवायचा, कल्पना करून लिहायचा नाही.

ओलाव्याचं एक बघून ठेवा. स्क्रीनवर थेट स्प्रे मारून पुसलं की थेंब खालच्या कडेत उतरतात आणि तिथले जोड गंजतात. तसं खरंच झालं असेल तर केस कमजोर आहे हे मनाशी धरूनच पुढे जा.

५. नकार लेखी घ्या

फोनवर 'तुमचा क्लेम होत नाही' म्हणाले तर तो नकार समजू नका. मेल करा, आणि त्यात भावना नकोत, फक्त मागण्या:

'प्लॅन क्रमांक अमुक, तक्रार क्रमांक तमुक. माझा क्लेम नाकारल्याचं फोनवर सांगण्यात आलं. कृपया पुढील गोष्टी लेखी द्याव्यात. एक, नकाराचं नेमकं कारण. दोन, टर्म्समधलं कोणतं कलम लावलं त्याचा क्रमांक. तीन, टेक्निशियनचा पूर्ण रिपोर्ट आणि त्याने काढलेले फोटो. चार, तपासणी दुसऱ्या टेक्निशियनकडून पुन्हा करून मिळावी.'

चौथा मुद्दा वगळू नका. दुसऱ्या तपासणीत निष्कर्ष बदलला तर काम तिथेच होतं, आणि त्यांनी तपासणीच नाकारली तर ते पुढे तुमच्या बाजूने जातं. बऱ्याच वेळा उत्तर म्हणून ठोकळेबाज मजकूर येतो, 'टर्म्सनुसार क्लेम ग्राह्य नाही'. त्यालाच उत्तर द्या, 'कलम क्रमांक दिलेला नाही, तो द्यावा'. कंटाळा येतो, पण हाच ढीग पुढे पुरावा होतो.

फोन करावाच लागला तर कॉल संपल्यावर लगेच 'आत्ता झालेल्या बोलण्यानुसार...' असा मेल टाका.

६. नेहमीची कारणं आणि त्यांना काय म्हणायचं

फिजिकल डॅमेजचं वर झालं. मूळ तत्त्व एवढंच लक्षात ठेवा की टर्म्समधला अपवाद लावून जो नाही म्हणतो त्यानेच तो अपवाद लागू होतो हे सिद्ध करायचं असतं. 'माझा टीव्ही पडलेला नाही' हे तुम्ही कसं सिद्ध करणार, आणि का?

व्होल्टेज. 'पॉवर सर्जमुळे बोर्ड गेला, कव्हर नाही.' विचारा, कोणता बोर्ड, कुठे जळल्याची खूण आहे, फोटो. त्या दिवशी घरातलं दुसरं काही गेलं नसेल तर तेही लिहा. बरं, टर्म्स नीट वाचा, काही प्लॅनमध्ये व्होल्टेज कव्हर असतं आणि तरी कॉल सेंटरवाले सवयीने नाही म्हणतात.

झुरळ, मुंग्या, पाल. हसू नका, बहुतेक टर्म्समध्ये कीटक आणि प्राण्यांमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. बोर्डवर पाल चिकटून मेलेली सापडली तर वाद घालण्यात फार अर्थ नाही. पण आत नुसती मुंगी दिसली म्हणून पॅनलच्या रेषांचा क्लेम नाकारता येत नाही, बिघाड आणि कारण यांचा संबंध लागला पाहिजे.

ओएलईडीवरचा बर्न-इन (स्क्रीनवर कायमचा उमटलेला चित्राचा ठसा) आणि एखाददुसरा डेड पिक्सेल (बंद पडलेला ठिपका) हे मात्र बहुतेक ठिकाणी खरंच वगळलेले असतात, तिथे शक्ती घालवू नका.

'पार्ट मिळत नाही.' हे नकाराचं कारणच नाही. दुरुस्ती होत नसेल तर काय द्यायचं, बदली टीव्ही की पैसे, हे टर्म्समध्ये लिहिलेलं असतं. तेच मागा.

'हे अपवाद टर्म्समध्ये होते, तुम्ही वाचले नाहीत.' विकताना टर्म्स दिल्याच नसतील, नुसतं बिलात एक ओळ वाढवली असेल, तर हा मुद्दा जोरात मांडा. विम्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने मॉडर्न इन्सुलेटर्सच्या निकालात (२०००) म्हटलंय की जे अपवादाचं कलम ग्राहकाला कधी कळवलंच नाही त्याचा आधार विमा कंपनीला घेता येत नाही. वॉरंटी प्लॅन म्हणजे विमा नव्हे, पण तोच तर्क तक्रारीत वापरता येतो.

७. तक्रार अधिकाऱ्याला मेल, मग नोटीस

प्लॅन कंपनीच्या वेबसाइटच्या तळाशी ग्रीव्हन्स ऑफिसरचं नाव आणि मेल असतो. ऑनलाइन घेतलं असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकालात काढायची असते. मेलमध्ये या नियमाचा उल्लेख करा, उत्तराची भाषा लगेच बदलते.

तरी हललं नाही तर नोटीस. वकिलाकडूनच पाहिजे असं नाही, कायद्यात तक्रारीआधी नोटीस सक्तीची पण नाही, पण १५ दिवसांची मुदत देऊन स्वतःच्या सहीचं एक पानी पत्र पाठवलं की पुढे 'आम्हाला संधीच दिली नाही' असं म्हणता येत नाही. स्पीड पोस्टाने पाठवा (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय) आणि पोहोचल्याचं ट्रॅकिंग लगेच प्रिंट करून ठेवा, नंतर ते साइटवर दिसेनासं होतं.

मागे विमा कंपनी असेल आणि पॉलिसी तुमच्या नावाची असेल तर विमा लोकपालाकडे जायचा रस्ताही आहे, तो फुकट आहे, पण आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिना थांबावं लागतं. आणि एकाच वेळी लोकपाल आणि ग्राहक आयोग दोन्हीकडे जाता येत नाही.

८. १९१५ वर तक्रार

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं. फोनपेक्षा त्यांच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर तक्रार टाका, कागद जोडता येतात. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक मिळतो आणि तक्रार थेट कंपनीकडे जाते.

ही हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही, कंपनीला आदेश देता येत नाही. तरी हा टप्पा वगळू नका, कारण मोठ्या कंपन्यांमध्ये इथून आलेल्या तक्रारी वेगळी टीम बघते आणि कॉल सेंटरच्या भिंतीपलीकडचं माणूस पहिल्यांदा इथेच भेटतं. कंपनीने 'टर्म्सप्रमाणे नाकारला' एवढं लिहून तक्रार बंद करायला लावली तर असमाधानी असल्याचा फीडबॅक द्या आणि त्या पानाची प्रिंट काढा.

९. जिल्हा ग्राहक आयोग

लोक अजून 'मंच' म्हणतात, नाव आता आयोग आहे. लोकांना वाटतं त्यापेक्षा हे सोपं आहे आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा वेळ जास्त लागतो.

सोपं अशासाठी की तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठल्या का शहरात असेना. वस्तूला मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन करता येते, आधी त्यासाठी ई-दाखिल होतं, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आलंय. सुनावणी व्हिडिओवर घ्या अशी विनंती करता येते. आणि महाराष्ट्रात मराठीत लिहिलेली तक्रार चालते.

मुदत आहे दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. नकाराच्या लेखी मेलची तारीख म्हणूनच महत्त्वाची. नुसते 'बघतो, करतो' मेल येत राहिले म्हणून मुदत आपोआप पुढे सरकते असं समजू नका.

तक्रारीत असं लिहा: पक्षकारांची नावं-पत्ते (पहिल्या पायरीत लिहिलेला कागद आठवा, सगळ्यांना पक्षकार करा), मग तारखांप्रमाणे घडलेलं, मग नकाराचं कारण आणि ते का चूक, मग मागणी. सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदांची अनुक्रमणिका, प्रत्येक कागदावर पान नंबर. मेल आणि व्हिडिओ जोडताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लावा, पूर्वी ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलमावरून ६५-ब म्हणून ओळखलं जायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. पोर्टलवर अपलोड झालं तरी काही आयोग छापील संच मागतात, तिथल्या कार्यालयात विचारून घ्या.

मागणी मोजकी ठेवा. टीव्ही दुरुस्त करून द्यावा, नाहीतर बदलून द्यावा, नाहीतर रक्कम व्याजासह परत द्यावी, मनस्तापाची भरपाई, तक्रारीचा खर्च. टीव्हीच्या किंमतीच्या दहा-वीस पट मनस्ताप मागणाऱ्यांची तक्रार गंभीर वाटत नाही, हे माझं स्पष्ट मत.

इथे लोक ज्यात अडकतात ते पण सांगते. प्लॅनची अटच अन्यायकारक आहे, ती रद्द करा, अशी मुख्य मागणी केली तर तो विषय राज्य आयोगाचा होतो आणि तुम्हाला तिकडे जा म्हणतील, म्हणून भर सेवेतल्या त्रुटीवर ठेवा. टीव्ही दुकानासाठी, ऑफिससाठी घेतला असेल, बिलावर धंद्याचा जीएसटी नंबर असेल, तर 'हा ग्राहकच नाही, व्यावसायिक वापर आहे' असा आक्षेप येतो, घरातला वापर दाखवायची तयारी ठेवा. बिल भावाच्या नावाने आणि टीव्ही तुमच्या घरी असेल तर घाबरू नका, घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही कायद्यात ग्राहकच असतो. आणि टीव्ही भंगारात देऊ नका, दुसरीकडे दुरुस्तही करून घेऊ नका, आयोग तो तपासणीला पाठवू शकतं. नवा घ्यायचाच असेल तर घ्या, पण जुना गुंडाळून माळ्यावर ठेवा, उभा.

वेळेचं म्हणाल तर कायद्यात नोटीस मिळाल्यापासून तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा पडतात. पण कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस आणि वर फार तर १५ मिळतात, त्याच्या पुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये पक्कं केलंय. ४५ दिवस उलटले तर तसा अर्ज द्या. निकाल आवडला नाही तर राज्य आयोगात अपील ४५ दिवसांत. आणि निकाल लागून कंपनी पैसे देत नसेल तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो, आदेश न पाळणाऱ्याला तुरुंगवास किंवा दंडाची तरतूद आहे.

१०. मधेच तडजोडीची ऑफर आली तर

बऱ्याचदा येते, नोटीस गेल्यावर किंवा आयोगाची नोटीस पोहोचल्यावर. फोनवर गोड आवाजात 'मॅडम आपण हे सेटल करू'. करा की, हरकत काहीच नाही, पण मेलवर मागा आणि तीन गोष्टी बघा. रक्कम घसारा कापून देतायत का, आणि कापत असतील तर तो तक्ता तुमच्या टर्म्समध्ये आहे का. पैसे खात्यात देतायत की व्हाउचर, व्हाउचर असेल तर किती दिवस चालतं आणि त्याच दुकानात वापरावं लागतं का. बदली टीव्ही असेल तर मॉडेल कोणतं, नवा की दुरुस्त केलेला, आणि उरलेला प्लॅन त्याला लागू राहतो की तिथेच संपतो. पैसे खात्यात जमा व्हायच्या आधी 'पूर्ण व अंतिम समाधान' लिहिलेल्या कागदावर सही करू नका आणि आयोगातली तक्रारही मागे घेऊ नका.

जुना टीव्ही ते घेऊन जातात. द्यायच्या आधी फॅक्टरी रीसेट मारा, आणि स्क्रीनच दिसत नसल्यामुळे ते जमत नसेल तर फोनवरून प्रत्येक ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या टीव्हीला लॉगआउट करा. नेणाऱ्याकडून सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या, आणि रिमोट, स्टँड, वॉल माउंट यातलं काय त्यांना द्यायचंय ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर 'ॲक्सेसरी कमी' म्हणून पैसे पुन्हा अडकतात.